गयाबाईंच्या पायांवर

माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला मी मारलं आणि तिला सांभाळणाऱ्या बाईला बोलू नये ते बोललो. चूक दोघींपैकी कुणाचीच नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गयाबाईंबद्दल लिहिता लिहिता मी स्वतःलाच चांगला माणूस ठरवीन.

तेव्हा मी मध्य प्रदेशात बालाघाटला एका कचेरीत कारकून होतो. मंदा दीड वर्षाची असताना तिची आई तापाने गेली. मागच्या वस्तीतल्या गयाबाई दिवसभर मंदाला सांभाळू लागल्या. अंगणात मांडीवर सूप घेऊन त्या तेंदूपत्त्याच्या विड्या वळत. मंदा कुरकुरली की सूप बाजूला सारून पाय लांब पसरत, दोन्ही पावलांवर तिला उकिडवं बसवत आणि तिचे हात धरून तोंडाने हलकेच ‘शूऽऽ’ करत. पायांना मुंग्या आल्या तरी हलत नसत.

“झालं का?” कचेरीला निघताना मी विचारी.

“पोट काय तुमच्या हापिसातला चपराशी हाय, बाबूजी? घंटी वाजवली का हजर?”

त्या बौद्ध. दीक्षा घेतल्यावर त्यांच्या घराने गावकीची कामं सोडून दिली होती. मग हे कसं चालतं, असं मी एकदा गमतीने विचारलं. त्या म्हणाल्या, “गावाची घाण सोडली. लेकराची घाण नसते.” त्यांचा चहाचा कप अंगणातल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. त्यात मला तेव्हा काही वावगं दिसत नव्हतं.

मंदा दोन वर्षांची झाल्यावर त्यांनी भिंतीकडेला दोन विटा मांडल्या. पायांवरून मंदा विटांवर गेली. आधी गयाबाई तिचं बोट धरून बसत, मग नुसत्या जवळ, मग लांब, पाठ करून. “धाकानं शिकवलेलं पोरगं धाक गेला का विसरते,” त्या म्हणत. “हिले आपल्या पायानं जाऊ द्या.” एके सकाळी मंदा घरातून “वीट, वीट” करत एकटीच पळाली. गयाबाईंनी मान वळवली नाही. मलाही हातानेच खुणावलं, पाहू नका. विडीचा पत्ता कापणारी कात्री तेवढी थांबली होती.

मग एका रविवारी बैहर गावाहून आमचे साहेब जीपने अचानक घरी आले. माझी बढती त्यांच्या हातात होती. गयाबाई आमच्या घरात वावरतात हे त्यांना दिसू नये म्हणून मी मागच्या दाराला आतून कडी लावली. गयाबाई अंगणात राहिल्या, मंदा आत.

थोड्या वेळाने मंदा दाराशी गेली. “वीट,” म्हणाली. मी डोळे वटारले. तिने दारावर थापा मारल्या. बाहेरून आवाज आला, “बाबूजी, दार उघडा, पोरीले लागली हाय.” मी ऐकलं, आणि साहेबांशी बोलत राहिलो. शेवटी मंदाने साहेबांच्या बुटांपाशीच केलं.

“अरे भाई, बच्ची है,” साहेब म्हणाले. तोवर मी तिच्या पाठीत दोन धपाटे घातले होते. कडी काढली आणि गयाबाईंना म्हणालो, “पिढ्यान्‌पिढ्या घाण काढण्यात गेल्या तुमच्या. एवढंही जमत नाही?”

त्यांनी मंदाला उचललं, धुतलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. “लेकराचं मी केलं. जमिनीचं तुमचं तुमी पाहा,” म्हणाल्या, आणि सूप घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मंदा विटांकडे फिरकेना. पोट दुखलं की पाय आवळून कोपऱ्यात उभी राही. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दवाखान्यात एनिमा द्यावा लागला. नर्सने मला बाहेर काढलं, कारण मी दिसलो की पोरीचं अंग ताठ होई. मी कचेरीतल्या चपराशाला गयाबाईंकडे पाठवलं. उलट निरोप आला, “बाबूजीचे पाय मोडले काय?”

माझे पाय धड होते. मी गेलो नाही.

मंदा हळूहळू सुधारली, पण पूर्ण नाही. शाळेत दिवसभर दाबून धरी. आजही ती काही मागत नाही. बंद दार दिसलं तर वाजवत नाही, कुणी उघडेपर्यंत उभी राहते.

गयाबाईंनी अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा अकरा वर्षं होऊन गेली होती. तंबाखूच्या धुळीने त्यांची छाती गेली होती. त्यांच्या खाटेशी मी उभा राहिलो.

“गयाबाई, मी फार वाईट बोललो होतो.”

खोकल्याची उबळ जाऊ दिली त्यांनी. “हौ. बोलले.”

“मला क्षमा करा.”

“पोरीले सांगतलं का, कडी कोनं लावलती?”

“नाही.”

“मंग मले काहून सांगून राह्यले? मले तं तवाच मालूम होतं.”

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी अंत्ययात्रेच्या शेवटी चाललो. तिथून घरी आलो तेव्हा मंदा तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, “तू अडीच वर्षांची होतीस. तुला आठवत नसेल. तुला लागली होती, तू दाराशी जाऊन नीट सांगितलंस. कडी मी लावली होती. वर तुलाच मारलं, आणि गयाबाईंना नाही ते बोलून घालवलं. चूक माझी होती, मंदा. मला क्षमा कर.”