कचेरीतून पीठावर

माझे काका महाराजांची पत्रं लिहायचे. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती, तरी महाराजांचा पत्रव्यवहार आटला नव्हता, आणि त्यासाठी बंगळूरात त्यांची एक कचेरी होती. तिथे काका मसुदे करायचे. नकार मिळालेल्या माणसालाही सत्कार झाल्यासारखं वाटावं, अशी त्यांची भाषा. बी.ए.ला असताना मी चामराजपेटेत त्यांच्या घरी राहायचे. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. काकूनं मला मुलीसारखं वागवलं, काकांनी पाहुणीसारखं. ते मला कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या घराण्याच्या मठाला महाराजांकडून मान जायचा. दसऱ्याला शाल, आणि पत्रात स्वामींच्या नावामागे बिरुदांची लांबलचक ओळ. ते सगळं काकांच्या टेबलावरून जायचं. एका वर्षी त्यांनी आमच्या स्वामींचं एक बिरुद वाढवलं आणि शेजारच्या मठाच्या स्वामींची दोन गाळली. जेवताना हे सांगून ते स्वतःशीच हसले होते. त्यानंतर मठाचा कारभार पाहणारे दिवाण दर आठवड्याला आमच्याकडे कॉफीला येऊ लागले.

त्याच सुमारास काकांना शास्त्र शिकायची हुक्की आली. मठाच्या पाठशाळेतले पंडित पहाटे चालत येऊन त्यांना शिकवायचे. पंडित विधुर होते, त्यांचं सगळं आयुष्य त्या पाठशाळेत गेलं होतं. स्वामी थकले होते, आणि त्यांच्यानंतर पंडितच पीठावर बसणार असं सगळे धरून चालले होते. पंडितही. तीन वर्षं त्यांनी काकांना मनापासून शिकवलं.

मग एका रविवारी दिवाण आले आणि म्हणाले, स्वामींनी उत्तराधिकारी म्हणून काकांना निवडलंय.

"आणि पंडित?" मी विचारलं.

"ते फार विद्वान आहेत," दिवाण म्हणाले. "पण कायदे बदलताहेत, बाळ. मठाला आता मंत्र्यांशी, कलेक्टरांशी बोलता येणारा माणूस हवा."

काकांच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं.

गृहस्थानं संन्यास घ्यायचा तर बायकोची संमती लागते. काकू स्वयंपाकघरात अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. काकांनी तिच्यासमोर कागद ठेवला. संमतिपत्र त्यांनीच लिहून आणलं होतं, सुरेख कन्नडमध्ये. काकूनं हात पुसून ते सावकाश वाचलं.

"इथे 'संतोषदिंद' लिहिलंय," ती म्हणाली. "मी आनंदानं संमती देतेय म्हणून."

"तशी पद्धत असते."

"मी कुठे आनंदात आहे?"

"एक शब्द काढला की वाक्याचा तोल जातो."

"जाऊ दे," काकू म्हणाली. तिनं त्यांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं, तो शब्द खोडला आणि खाली सही केली. मग पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. वीस वर्षांच्या संसाराबद्दल काका एक अक्षर बोलले नाहीत. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत उभे राहिले.

दीक्षेच्या दिवशी मठाच्या अंगणात मांडव घातला होता. आम्ही बायकांच्या बाजूला बसलो होतो. दिवाणांनी संमतिपत्र वाचून दाखवलं. त्यात 'संतोषदिंद' होतं. म्हणजे कागद पुन्हा स्वच्छ लिहिला गेला होता आणि खालची सही काकूची नव्हती. काकू उभी राहिली.

"तो शब्द मी खोडला होता," ती कन्नडमध्ये म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पहिल्या चार रांगांना नक्की ऐकू गेलं. दिवाणांनी वाजंत्रीवाल्यांकडे पाहिलं आणि नागस्वर सुरू झालं. काकांनी मान वर केली नाही.

पुढे दोन वर्षांत वृद्ध स्वामी गेले आणि काका पीठावर आले. त्यांच्या पहिल्या काही आदेशांतला एक पंडितांना लांबच्या एका शाखेत पाठवण्याचा होता. निरोप घ्यायला आले तेव्हा पंडितांनी तो आम्हांला दाखवला. निम्मं पान त्यांच्या विद्वत्तेची स्तुती होती.

"तुम्हांला राग नाही आला?" मी विचारलं.

"आला. अजून आहे," पंडित म्हणाले. "पण शिष्य हुशार निघाला, हे खोटं कसं म्हणू?" मला एवढंही म्हणवेना.

मठानं काकूला आवारात खोली आणि दोन वेळचं जेवण देऊ केलं. तिनं नाकारलं. मला शाळेत नोकरी लागली आणि आम्ही दोघी त्याच घरात राहिलो. तिनं कुंकू लावावं की नाही यावर गल्लीत चर्चा व्हायची. एका शेजारणीनं हळूच विषय काढला तेव्हा काकू म्हणाली, "अक्का, तो माणूस खाऊनपिऊन धडधाकट आहे." आणि लावत राहिली.

साठच्या दशकात एकदा स्वामी झालेल्या काकांची पालखी आमच्या रस्त्यावरून निघाली. घरोघरच्या बायका आरत्या घेऊन दारात उभ्या होत्या. मी गेटपाशी उभी राहिले, रिकाम्या हातांनी. पालखी आमच्यासमोर आली. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, आणि सगळ्यांना करत होते तसाच हात वर केला. मी मान खाली घातली नाही. त्यांचा चेहरा मला बघायचा होता आणि माझाही त्यांना दिसायला हवा होता. माझ्या डोळ्यांतला तिरस्कार त्यांच्यापर्यंत पोचला असावा, कारण हात जरा लवकर खाली गेला.

"गेली का?" काकूनं आतून विचारलं.

"गेली."

"मग गेट लाव. गाई शिरतात."

मी गेट लावलं.