हिद्दच्या गोदामात अडकलेली खोकी

बहरीनमध्ये, गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको दाणे भाजायला लागली, की मी उठून गॅलरीत जातो. त्या वासाने मला हिद्दचं गोदाम आठवतं.

तिथे मी सुपरवायझर होतो. अफगाणिस्तानातल्या कुपोषित मुलांना देण्यासाठी शेंगदाण्याच्या पेस्टची खोकी आली होती. जहाजांचा पुढचा रस्ता बंद झाला आणि ती आमच्याकडेच अडकली. एक खोकं फुटलं होतं. पत्र्याखालच्या उकाड्यात तो खमंग वास नुसता कोंडला होता.

आमचा ट्रक ड्रायव्हर रहीमभाई अफगाण होता. फुटलेल्या खोक्याकडे बघत तो म्हणाला, "साहब, भाई कल फ्लाइट से गाँव जा रहा है. मेरी बच्ची सूख गई है. इसमें से चार पाकिट दे दो."

"एक भी कम निकला तो मेरा व्हिसा खलास, रहीमभाई."

तो हसला. "खाना भी यहाँ बंद, हम भी यहाँ बंद."

मला राहवेना. माझ्या जेवणाच्या डब्यातले दाण्याचे लाडू मी त्याच्या हातात कोंबले. आमच्या सांगलीकडे अशक्त माणसाला हेच देतात, मला तेवढंच सुचलं. निदान काहीतरी दिलं, असं तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, मी फक्त माझी सुटका करून घेत होतो.

रहीमभाईने लाडू रुमालात नीट बांधले. मग हळूच म्हणाला, "साहब, उसके अभी दाँत नहीं आए."

तरीही ते त्याने परत केले नाहीत. बहुतेक मला वाईट वाटू नये म्हणून.