मैदानातून हाळाकडे जाणारी वाट

आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम असला की आभारप्रदर्शन मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडतं. लोक तोवर उठून चपला शोधायला लागलेले असतात, मंडपवाला सतरंजीचं टोक धरून उभा असतो, आणि आपण यादी म्हणत राहायचं. शाळेमागच्या मैदानाचं उद्घाटन झालं त्या दिवशीही मीच आभार मानले. तालुक्याच्या साहेबांचे मानले, सरपंचांचे मानले, मुरूम टाकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांचे मानले, चहा करणाऱ्याचेही मानले. मेंढपाळांच्या घरांचं नाव घेताना म्हणालो, "त्यांच्या बहुमोल सहकार्याबद्दल." मागच्या बाजूला लिंबाच्या बुंध्याला टेकून त्या घरांतली मावशी बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती, हे मला तिथूनही कळलं.

ते आभार अर्धे होते. उरलेले आता मानतो.

आमचं गाव बोरीपासून आत, जिंतूरच्या डोंगराकडे तोंड करून बसलेलं. शाळेच्या मागं गायरानाचा एक तुकडा होता. कडेला दोन जुने लिंब, पलीकडे हाळ, म्हणजे जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद. माझ्या शाळेतल्या मुली खो-खो चांगला खेळायच्या. खेळायच्या मात्र गावातल्या सिमेंटच्या रस्त्यावर, कारण गायरान उंचसखल आणि दगडाचं. एका सकाळी पाठलाग करताना एक मुलगी घसरली आणि तिची हनुवटी फुटली. टाके पडले. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली आणि दारातूनच म्हणाली, "सर, ग्राउंड होईपर्यंत माझी लेक खेळणार न्हाई. उद्या तिला बघायला येतेल, तवा हा वण तुमी झाकनार का?" तिचं बघून आणखी दोघींच्या घरून निरोप आले. मैदान झालं नाही तर संघ मोडणार, हे स्पष्ट होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मुलींच्या घरून मागणी आलेली अशी ती एकच गोष्ट होती.

मैदानासाठी सरकारी योजना होती. कुंपण आणि खेळाचं साहित्य तिकडून मिळणार, जमीन सपाट करून मुरूम टाकायचं काम गावानं लोकवर्गणीतून करायचं. त्याआधी ग्रामसभेचा ठराव हवा आणि जागा कोणाच्या वापरात नसावी.

जागा वापरात होती. गावातली मेंढपाळांची पाच-सहा घरं दुपारी आपली मेंढरं त्या लिंबांखाली बसवायची आणि तिथूनच हाळावर न्यायची. माझ्या लहानपणापासून मी ते बघत आलो होतो. पण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मेंढरांच्या खुरांना सोसत नाही, म्हणून ती घरं मिरगाच्या सुमारास डोंगराकडच्या माळावर जातात आणि सुगी झाली की परततात. सरपंच म्हणाले होते, "सर, घाई काय हाय, जानेवारीच्या ग्रामसभेत घेऊ." मीच म्हणालो, पंधरा ऑगस्टलाच घेऊ. कारण सांगितलं की प्रस्ताव लवकर गेलेला बरा. खरं कारण हे की ऑगस्टात ते लोक गावात नसतात. असते तर कोणीतरी उठून बोललं असतं, आणि मला वाद नको होता.

ठराव एकमतानं झाला.

पुढं साहेब जागा बघायला आले. गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं. त्यांनी सरळ विचारलं, "गुरुजी, इथं कोणाचा वापर?" मी म्हणालो, "नाही साहेब. जागा खाली आहे." माझ्या शेजारी गावातले एक शेतकरी उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग हाळाकडं बघितलं, आणि तंबाखू मळायला लागले.

मी बौद्ध घरातला. वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी आपली माणसं एका ओट्याच्या कडेला बसून केरसुण्या आणि दोर विकायची. एका साली तिथं कोणाचं तरी दुकान उभं राहिलं. कोणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं तिथं कोणी आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. वडील हे रागानं सांगत नसत. जेवताना, भाकरी मोडता मोडता सांगत. साहेबांची जीप वळून गेली तेव्हा मला ती भाकरी मोडणारी बोटं आठवली. तरी मी गप्प राहिलो. मंजुरी आली तेव्हा पेढे वाटले.

मंजुरी आली, पण वर्गणी जमेना. मार्चअखेर गावाचं काम दिसलं नाही तर निधी परत जाणार होता. मी आणि माझे सहकारी शिक्षक घरोघर फिरलो. बाहेर नोकरीला असलेल्या काही माजी विद्यार्थ्यांनी मनापासून दिलं. गंगाखेडच्या बाजूला कारखान्यावर असलेल्या एकानं तर न मागता पाठवलं. गावात मात्र सोयाबीनच्या भावाचं रडगाणं ऐकत चहा पिऊन परत यायचं. एक आजोबा म्हणाले, "पोरी पळून पळून कुठं जाणार हायत सर? शेवटी चुलीपाशीच ना?" त्यांची नात संघात होती. ती आतून ओरडली, "आबा, तुमी पयलं उठून दाखवा, मग मला बोला." हसलो सगळे, पण हातात काही पडलं नाही.

सुगी झाली आणि मेंढरं परत आली. तोवर मैदानावर आम्ही चुन्याची रेघ मारून खुंट्या ठोकल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत मी व्हरांड्यात डबा खात होतो, तेव्हा मावशी आली. मेंढपाळांच्या घरांतली ती वडीलधारी. कळपाचा मुक्काम कुठं, निघायचं कधी, हे तिच्या शब्दावर चालायचं. हातातली काठी तिनं भिंतीला लावली आणि पायरीवर बसली.

"जेवा, जेवा. मी भांडायला न्हाई आले. भांडायचं असतं तर मेंढरं आत घातली असती आन घरी जाऊन झोपले असते."

मी घास खाली ठेवला.

"जागा खाली हाय म्हनले म्हन तुमी साहेबाला."

मी डबा बाजूला सरकवला.

"खाली व्हती तर ह्या लेंड्या काय आभाळातून पडल्या?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. बाजारात मेंढीच्या पाठीवर हात फिरवून भाव सांगावा, तसं बोलत होती. "बरं, ते ऱ्हाऊ द्या. लोकायला तुमी पैसे मागायलाव आन लोक देईनात. खरं का न्हाई?"

"खरं आहे, मावशी."

"मला देतेत."

सुगी संपून रानं मोकळी झाली की आमच्याकडे शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. जाळी लावून कळप रात्रभर शेतात मुक्कामाला ठेवायचा. लेंड्यांचं खत मिळतं, आणि त्याच्या बदल्यात मेंढपाळाला पैसे किंवा ज्वारी. रासायनिक खताचे भाव वाढल्यापासून तर मेंढरांसाठी नंबर लागतात.

"एका रानात आमचे दोन-तीन मुक्काम होतेत," मावशी म्हणाली. "पयल्या मुक्कामाचे पैसे तुमच्या ग्राउंडला. पुढचे आमचे. ज्याला उन्हाळ्यात मेंढरं पायजेत, त्यानं नंबर आत्ता लावायचा आन पैसे आत्ता शाळेत आणून द्यायचे. बघा कसे येतेत ते."

"आणि तुम्हाला काय?"

"आता आलाव बराबर. कुंपणात वाट सोडायची. हाळापर्यंत. लिंब तोडायचे न्हाईत. दुपारी मेंढरं खाली बसतील, तवा तुमच्या पोरी वर्गात असतेत. आन हे तुमी ग्रामसभेत सांगायचं. तुमच्या तोंडानं."

तिनं काठी उचलली. जाता जाता माझ्या डब्यात डोकावून म्हणाली, "शेपूची भाजी व्हय. गार व्हईल, खाऊन घ्या."

आठवडाभरात शाळेच्या व्हरांड्यात शेतकऱ्यांची रांग लागली. पोरी कुठं पळणार विचारणारे आबाही आले. दोन सख्खे भाऊ तर आधी मेंढरं कोणाच्या रानात, यावरून माझ्यासमोर भांडले आणि दुसऱ्याचा नंबर पुढं जाऊ नये म्हणून दोघांनीही पैसे ठेवले. ज्यांच्याकडे रोख नव्हते त्यांनी ज्वारीची पोती आणून टाकली. फेब्रुवारीत ट्रॅक्टर चालू लागला. हनुवटी फुटलेल्या मुलीची आई टोपलीभर मुरूम घेऊन आली, म्हणाली, "माझ्या हातचा बी असू द्या."

मधे जानेवारीची ग्रामसभा झाली. मी उभा राहिलो. ठरवून गेलो होतो, जे बोललो होतो ते मागं घ्यायचं. तोंड उघडलं आणि निघालं ते असं: "मेंढपाळ बांधवांनी मोठ्या मनानं मदत केली, म्हणून आपण त्यांना हाळाकडं जायला वाट देत आहोत."

मागून मावशी म्हणाली, "देता कशाची गुरुजी? वाट व्हतीच."

सभा हसली. मीही हसलो. हसता हसता बोलून टाकायची वेळ होती ती. मी पुढचा विषय घेतला. वाट ठेवायचा ठराव झाला. तिचं काम झालं होतं, माझं राहिलं.

मैदान झालं. खो-खोचे खांब रोवले, कुंपण आलं, कुंपणात गाडी जाईल एवढी वाट राहिली. सकाळ-संध्याकाळ मुली खेळतात. सुट्टीच्या दिवशी दुपारी खेळ चालू असला आणि मेंढरं आली, तर माझ्या सहकारी बाई शिट्टी वाजवतात. मुली जागच्या जागी खाली बसतात. कळप त्यांच्यामधून हाळावर जातो. बसलेल्या मुलीचा कान एखादं कोकरू चाटून जातं, ती किंचाळते, बाकीच्या हसतात. मग परत शिट्टी. मी तिथं नुसता उभा असतो, आणि हे सगळं मला फुकट मिळतं.

यंदाच्या पंधरा ऑगस्टला ग्रामसभेत एक जण उठला. म्हणाला, वाटेमुळं मैदानात घाण होते, मोकाट कुत्री येतात, फाटक लावून बंद करावी. दोघा-तिघांनी होकार दिला. सरपंच माझ्याकडं वळले. "सर, करायचं का बंद? तसे बी ते लोक आत्ता गावात न्हाईत."

मी उभा राहिलो.

"ते गावात नसताना मागं एकदा ठराव झाला," मी म्हणालो. "ऑगस्टात घ्या म्हणणारा मीच होतो. ते नसतात म्हणून. साहेबांनी विचारलं तेव्हा जागा खाली आहे असं मी सांगितलं. ते खोटं होतं. वाटेचा विषय ते आल्यावर घ्या."

तंबाखू मळणारे ते शेतकरी समोरच बसले होते. त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, "लिहा. विषय सुगीनंतर."

मग आभारप्रदर्शन माझ्याकडंच आलं. लोक चपला शोधत होते. मी थोडक्यात उरकलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता, तरी मुली मैदानावर उतरल्या होत्या. आता मेंढरं परतायची वाट बघतोय. मावशीला कोणीतरी सांगेलच मी काय बोललो ते. तिला सगळं कळतं. ती काय टोमणा मारेल याचा अंदाज बांधत मी रोज डबा उघडतो.