तीन इंच वजा

मास्तरीणबाईंनी उभ्या जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. त्या कपडे शिवायच्या. तरी गल्लीतली माणसं फ्रॉकचं नाहीतर शर्टाचं माप द्यायला आली की "मास्तरीणबाई आहेत का घरात?" असंच विचारायची. नाव चेष्टेतच पडलं होतं. लेक लहान असताना तिला सारखी धाप लागायची. धुळीत, गर्दीत पाठवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षेपुरती आणून बसवा, असं शाळेनं मोठ्या मनानं सांगितलं. मधलं सगळं आईच्या गळ्यात पडलं. आईची स्वतःची शाळा अर्ध्यावरच सुटलेली. लेकीच्या एक पान पुढे राहायचं, एवढीच त्यांची तयारी असायची, आणि एखाद्या दिवशी पोरगी भराभर वाचत सुटली की बाईंच्या तोंडचं पाणी पळायचं.

शाळेचं सामान घरातूनच निघालं. नवरा रंगारी. त्यानं उरलेल्या काळ्या रंगाचे दोन हात कपाटाच्या दारावर मारले, फळा तयार. कापडावर खुणा करायचा खडू त्यावर छान उमटायचा. पांढरं बटण म्हणजे एकक, काळं म्हणजे दशक, आणि कोटाचं ते मोठं बटण म्हणजे शंभर. कापडाची घडी घालून अर्धा आणि पाव व्हायचा. शिस्तही होती. मशीनवर झाकण पडलं की शाळा सुरू, आणि शाळा सुरू असेपर्यंत आईला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, तेही अहो-जाहो करून. झाकण निघालं की "ए आई, भूक लागली."

आणि टेप. शिवणाची पिवळी टेप. तिचे सुरुवातीचे तीन इंच पोरीनं बाहुलीला पट्टा करायला कापून टाकले होते. मास्तरीणबाई आधी भडकल्या, मग त्यांनी गिऱ्हाइकांसाठी नवी टेप आणली आणि जुनी शाळेला देऊन टाकली. जे माप दिसेल त्यातून तीन वजा करायचे. पोरीनं खिडक्या मोजल्या, खुर्च्या मोजल्या, झोपलेल्या बापाला टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं. तीन वजा केल्याशिवाय कधी उत्तर सांगितलं नाही.

पुढे तिची धाप गेली, ती खऱ्या शाळेत गेली, शिकली, लग्न करून लांब गेली. जावई पुलांच्या कामावर. एक पूल झाला की बिऱ्हाड दुसऱ्या पुलाकडे. आता त्यांची मुलगी शाळेच्या वयाची झाली आणि लेकीनं फोनवर सांगितलं, की हिला दरवेळी नव्या वर्गात कुठे ढकलू, मी घरीच शिकवणार आहे.

त्या दिवशी मास्तरीणबाईंची शिलाई वाकडी गेली. त्यांनी माळ्यावरचा, शाळेच्या सामानाचा डबा खाली काढला. बटणं साबणाच्या पाण्यात धुऊन टॉवेलवर वाळत घातली, टेपला हलकी इस्त्री केली. आता लेक मागेल. आज नाही तर उद्या मागेल, कदाचित म्हणेल की तूच ये आणि थोडे दिवस शिकव. आपण होऊन विचारायचं नाही, हे मात्र त्यांनी ठरवलं होतं. लेकीच्या संसारात नाक खुपसणाऱ्या आया त्यांना मुळीच आवडत नसत. नवरा बटणांकडे बघून म्हणाला, "काय बाई, शाळा कधी उघडताय?" त्यांनी टॉवेलवरची बटणं उलटी केली.

पुढच्या फोनवर लेकीनं व्हिडिओ लावला. मोठं खोकं आलं होतं. त्यात चुंबकाचा फळा, लाल-निळे आकडे, मण्यांच्या माळा, अपूर्णांकांच्या रंगीत चकत्या, सगळं एकदम नीटनेटकं. नात प्रत्येक वस्तू कॅमेऱ्याला चिकटवून दाखवत होती. मास्तरीणबाईंनी तोंड भरून कौतुक केलं. मग लेक म्हणाली, "तुझे किती हाल झाले गं तेव्हा. काहीच नव्हतं आपल्याकडे."

ती प्रेमानंच म्हणाली होती, पण मास्तरीणबाईंना ते फार लागलं. काहीच नव्हतं? फोन ठेवल्यावर त्या कपाटाच्या काळ्या दारासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मशीनवर झाकण घातलं की समोर मांडी घालून बसणारी ती किडमिडीत पोर त्यांना परत हवी होती. धापेसकट नको, पण हवी होती. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेली बटणं गिऱ्हाइकांच्या डब्यात ओतली आणि एका शर्टाला त्यातलीच लावायला घेतली. टेप चिंध्यांच्या पिशवीत गेली. नवऱ्यानं ते पाहिलं आणि त्या दिवशी थट्टा केली नाही.

बरेच दिवस लेकीचे फोन आले, घाईघाईचे. मग एका दुपारी ती नेहमीपेक्षा हळू बोलायला लागली. मुलीच्या अभ्यासाच्या खोलीला पडदे करायला टाकले होते, ते आखूड आले. सगळेच्या सगळे. ती तावातावानं शिवणाऱ्याकडे गेली, चार शब्द सुनावले, त्यानं शांतपणे तिच्याच हातचा मापाचा कागद समोर ठेवला. माप बरोबर शिवलं होतं.

"किती आखूड आलेत?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"तीन इंच." लेक म्हणाली. "नव्या टेपनं मोजलं मी. आणि प्रत्येक मापातून तीन वजा केले. मला कळलंसुद्धा नाही गं."

मास्तरीणबाईंना हसू आलं.

"ही विचारतेय, तीनच का? मी तासभर समजावतेय. ते खोकंही उपडं केलं, पण त्यात दाखवण्यासारखं काही नाही. ती टेप आहे का अजून?"

फोन कानाला तसाच धरून मास्तरीणबाईंनी चिंध्यांची पिशवी जमिनीवर रिकामी केली. टेप अस्तराच्या तुकड्यांत गुरफटली होती. ती त्यांनी मुठीत धरली.

"आहे," त्या म्हणाल्या. "आणि ते पडदे टाकू नकोस. खालून पट्टी जोडली की होतात. फक्त ती फोनवरून जोडता येत नाही."

पलीकडून लेक म्हणाली,

"मग तुम्ही या ना, बाई."