आत्याबाईंच्या पदरातल्या माश्या

आज अंगणात पाय ठेवला आणि ओल्या मंजिऱ्यांचा वास असा अंगावर आला की मी दारातच उभी राहिले. तुळशींवर मधमाश्यांची गुणगुण चालू होती. त्या आवाजानं अजूनही छातीत धस्स होतं. भीतीनं नाही, ती एक सकाळ आठवते म्हणून.

लग्न होऊन या जंगलाकाठच्या गावात आले, तेव्हा परसातला कोहळ्याचा वेल फुलांनी भरायचा, पण फळ धरत नव्हता. फुलामागचं बोराएवढं कोवळं कोहळं पिवळं पडून गळायचं. कोणाची तरी नजर लागली म्हणून सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, वेलाला जुनी चप्पल बांधायच्या. माझ्या माहेरी वेलावर माश्या यायच्या, इथे येत नव्हत्या. पण हे सांगणार कोण? मी मुळातच अबोल, सासरी तर नुसती मान हलवून दिवस काढत होते. मग न बोलताच वेलाभोवती तुळशी लावल्या, कडेनं तीळ आणि झेंडू टाकला, फुटक्या मातीच्या परळात खडे घालून पाणी ठेवलं, माश्यांना बसून पिता यावं म्हणून.

तुळशी मोहरल्या आणि एके सकाळी माश्या आल्या. मी हातात झाडू धरून बघतच राहिले. तेवढ्यात आत्याबाई आल्या. मंजिरीचा तुळशीच्या डोक्याला भार होतो, म्हणून वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या त्या रोज खुडत. त्या दिवशी माझ्या तुळशींकडे वळल्या. बघता बघता अर्धी रांग बोडकी झाली, मंजिऱ्या त्यांच्या पदरात.

"थांबा! नोका तोडू!"

हा आवाज माझा होता, हे मलाच क्षणभर कळलं नाही. ओसरीवर सासऱ्यांचा चहा सांडला. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "अवो बाई, तुमच्या सुनेले तोंड बी हाये का वो!"

आत्याबाई वळल्या. आता माहेरी धाडतात, एवढंच माझ्या मनात. पण खुडलेल्या मंजिऱ्यांमागे माश्या त्यांच्या पदरावर उतरल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक.

"पोरी, चावते का गं ह्या?"

"नाई चावत. हलू नोका तुमी."

सासूला मी हुकूम केला होता, आणि त्या खरंच हलल्या नाहीत. ऊन कौलांवर येईपर्यंत पदर धरून उभ्या.

"ह्या आल्या तरच कोहळं धरते, आत्याबाई."

"मंग मले अगोदर काऊन नाई सांगतलं? मले वाटे, आमच्याशी बोलनंच तुले पटत नाई."

माझ्या भित्रेपणाला त्या घरात गर्व समजत होते.

पुढे वेलाला कोहळी धरली, मांडव वाकला. आत्याबाई जाऊन आता बरेच पावसाळे झाले. मी अजूनही कमीच बोलते. पण इतक्या जोरानं बोलूनही घर होतं तिथेच उभं राहिलं, याचा धक्का काही ओसरत नाही. आणि त्याआधीचे ते सगळे गप्प दिवस मी कोणासाठी राखून ठेवले होते, तेही कळत नाही.