कुमुदताईंची साक्ष

कुमुदताई कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी स्वयंपाकघरात शिरत. चुलीजवळच्या फळीवरची तेलाची बाटली उचलून, फिरवून बघत, झाकण काढून वास घेत. बाटली कीटकनाशकाची निघाली की तेल मोरीत ओतत आणि पिशवीतलं दाभण काढून बुडाला भोकं पाडत. घरची बाई चिडायची. ताई ऐकून घेत आणि पुढच्या खेपेला तिच्यासाठी झाकणाचा नवा डबा आणत. बाहेर आल्यावर मला म्हणत, "शिव्या देऊन राहिली तर देऊ दे. पोट्टे जिवंत राहतील तिचे."

रायपूर जिल्ह्यातल्या गावांत फवारणी करणाऱ्यांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यायचं, हे आमचं काम. संस्थेचं ऑफिस नव्या रायपुरात होतं. मी गोंदियाकडून नोकरीसाठी आलेलो. ताई तात्यापारा या तिथल्या जुन्या मराठी वस्तीतल्या, कित्येक पिढ्या रायपुरात राहिलेल्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ गेल्यावर वहिनी आणि भाच्यासोबत राहत. गावात छत्तीसगढी बोलत, ऑफिसात हिंदी, आणि माझ्याशी त्यांची ती रायपुरी मराठी. सगळी गावं कीटकनाशकाला 'दवई' म्हणतात. ताईंना तो शब्द खपत नसे. "दवई माणसाले उठवते रे सुधीर. ही काय उठवून राहिली? जहर म्हण. तोंडाले सवय लागली की हाताले लागते."

सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपलीकडच्या एका गावात आम्ही सारखे जायचो. कारखान्यांची काळी धूळ तिथल्या धानाच्या पातीवर कायम बसलेली. ताई म्हणाल्या, जहर कातडीतून आत जातं, तर एक म्हातारा हसून म्हणाला, "दीदी, हमन तो धुंगिया रोज खाथन." धूर तर आम्ही रोजच खातो! ताई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी पंपात साधं पाणी भरलं, त्यात नीळ कालवली आणि एकाला पांढरा सदरा घालून फवारायला लावलं. थोड्या वेळाने तो परत आला तेव्हा त्याची पाठ, कंबर, मांड्या, सगळं निळं झालेलं होतं. पंप पाठीवर गळत होता आणि त्याला ते माहीतच नव्हतं. त्याचं नाव दुकालू. सदरा काढून तो कितीतरी वेळ हातात धरून बसला. मग त्याने विचारलं, "अतेक?" इतकं?

दुकालूकडे स्वतःची शेती नव्हती. गावातले मोठे शेतकरी, ज्यांना सगळे दाऊ म्हणत, त्यांच्या शेतात तो फवारणी करायचा. त्या दिवसानंतर त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून पंपाची गळती बंद केली. सकाळीच फवारायचा, वाऱ्याकडे पाठ करून. घरी आला की बायको केंवरा त्याला अंगणातच अंघोळ घालायची आणि कपडे वेगळे धुवायची. ताई कुणाचं फारसं कौतुक करत नसत. पण त्याच्याबद्दल एकदा म्हणाल्या, "हा वाचला."

भाद्रपदात धानावर तुडतुडे पडले. आम्ही शेजारच्या गावात होतो, तेव्हा केंवराचा फोन आला. दुपार टळत आली होती. आम्ही पोचलो तर दुकालू दाऊंच्या बांधावर पडलेला. तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सदरा पिळून काढावा इतका भिजलेला. ताईंनी तो फाडून काढला, हातपंपाखाली त्याला साबणाने धुतलं, आपल्या शालीत गुंडाळलं. डॉक्टरांना दाखवायला विषाची बाटली मागितली. दाऊंचा मुनीम म्हणाला, फेकून दिली. दोन-तीन वेगवेगळी विषं एकाच टाकीत मिसळली होती, एवढंच इतर मजुरांकडून कळलं.

त्याला रायपूरच्या दवाखान्यात नेताना सिलतऱ्याला ट्रकांच्या रांगेत आमची गाडी अडकली. दुकालूचं डोकं ताईंच्या मांडीवर होतं. केंवरा पुढे माझ्याशेजारी बसून मागे वळून बघत होती. तो अडखळत म्हणाला, "दीदी, मैं मना करे रेहेंव." मी नाही म्हटलं होतं. वारा आहे, सकाळी करू, असं त्याने सांगितलं होतं. दाऊ म्हणाले होते, सकाळपर्यंत धान उरणार नाही. आत्ता जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यातच वारला. पोलिसांच्या कागदावर आलं की विष पिऊन मेला. आम्ही आत त्याच्याजवळ होतो, त्या वेळात मुनीम मोटारसायकलने येऊन नोंद करणाऱ्या पोलिसाला तसं सांगून गेला होता.

दहाव्याच्या विधीला सगळं गाव जमलं. दाऊही आले, खाटेवर बसले. बायकांमध्ये कुजबुज चालली होती: घरात भांडण झालं असेल, केंवराच काही बोलली असेल. केंवरा उठली, डोक्यावरचा पदर सावरत ताईंसमोर येऊन उभी राहिली. "दीदी, ओ हा नइ पिये हे. तैं जानथस. बता न सब झन ला." तो प्यायला नाही, तुला ठाऊक आहे, सांग ना सगळ्यांना.

मी ताईंच्या शेजारी होतो. ऑफिसातून आम्हाला निरोप होता की गावच्या भानगडीत पडू नका. ताई उठल्या. आवाज चढवला नाही. "दुकालू ने पिया नहीं. ज़हर उसकी चमड़ी से गया. मैंने अपने हाथ से उसका बदन धोया है. दाऊ, उसने आपको मना किया था, आपने दोपहर में पंप उठवाया."

दाऊ शांतपणे म्हणाले, "दीदी, आप मेहमान हैं. मेहमान जैसे रहिए."

"मेहमान तो वो भी नहीं था," ताई म्हणाल्या. "इसी गाँव का था."

दाऊ उठून गेले. त्यांच्यामागून बरेच जण गेले. केंवरा तिथेच जमिनीवर बसली आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

ऑफिसने ताईंना बोलावून घेतलं. साहेब म्हणाले, आपलं काम शिकवण्याचं, भांडणाचं नाही. ताईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "मग मी शिकवून कोणाले राहिली? ज्याच्या पाठीवर पंप, त्याले. अन् पंप कधी उचलायचा हे जो ठरवते, तो तर कधी समोर बसलाच नाही." साहेबांना मराठी येत नव्हती. ताईंनी ते हिंदीतून पुन्हा सांगितलं नाही. तिथून निघाल्या आणि परत गेल्या नाहीत.

पुढे त्या आपल्या आपण बसने गावोगाव जात. अट एकच: पंप घेणारा आणि घ्यायला लावणारा, दोघंही समोर हवेत. बहुतेक गावांनी ती मानली नाही. पोलीस ठाण्यात दुकालूबद्दल त्यांनी जबाब दिला, मीही दिला. त्या चकरा मारत राहिल्या. हवालदार खुर्ची पुढे करत, चहा विचारत. कागद होता तसाच राहिला.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. मी भेटायला गेलो तेव्हा भाचा दारातच म्हणाला, "बुआ से ज़्यादा बात मत कीजिए, भैया." ताईंची डावी बाजू गेली होती, शब्द जड येत होते.

"कागद बदलला?"

"नाही, ताई."

"मंग इथं काहून बसून राहिला?"

मी सांत्वनाचं काही बोलायला गेलो, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती आमची शेवटची भेट. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

नोकरी मी सोडली नाही, पण सुट्टीच्या दिवशी ताईंसारखाच बसने फिरतो. त्या गावातली माणसं आता दुपारी वारा असताना पंप पाठीवर घेत नाहीत. कुणी उचला म्हणालं तर सरळ बांधावर बसून राहतात. केंवराही त्यांच्यात असते. त्यामुळे दाऊ दुसरीकडून माणसं आणतात. गेल्या रविवारी भर दुपारी ती बाहेरची माणसं पिकअपमध्ये उभी दिसली, पायाशी पंप, अंगात साधे सदरे. चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली तेव्हा मी जवळ जाऊन त्यांना गाव विचारलं. महानदीच्या पल्याडचं निघालं. तिथे आमच्यापैकी कुणी कधी गेलेलं नाही. येत्या रविवारी मी तिकडे चाललो आहे.