समोरची गिरणी

गरम पिठाचा वास आला की पूर्णा गावातली ती दुपार आठवते. देवळातल्या सप्ताहाच्या पंगतींसाठी घरबसल्या नावं नोंदवता यावीत म्हणून मी पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत एक वेबफॉर्म लिहिला होता, आणि तो दाखवायला वडिलांनी कौतुकानं गल्लीतली म्हातारी मंडळी घरी बोलावली होती. बटण दाबलं तर स्क्रीनवर नुसती एरर. स्क्रिप्ट उघडली; चूक शेवटच्या ओळीत दाखवत होती, पण तिथं सगळं बरोबर होतं. वर कुठंतरी कंस बंद करायचा राहिला होता, आणि सगळ्यांच्या नजरा पाठीवर असताना मला तो काही केल्या सापडेना. "चहाचं बघतो," म्हणत वडील आत गेले आणि एकदम पंखा, कॉम्प्युटर, सगळं बंद पडलं. "लाईट गेली बघा," ते आतून म्हणाले. कधी खोटं न बोललेला माणूस. समोरची पिठाची गिरणी मात्र घरघरत होती. सगळ्यांना तो आवाज ऐकू येत होता. शेवटी एक आजोबा गिरणीकडंच बघत म्हणाले, "लय लाईट घालवायलेत आजकाल." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कंस संध्याकाळी सापडला. त्या दुपारबद्दल वडील कधी बोलले नाहीत, मीही नाही; पण घरी गेलो की स्वयंपाकघराच्या दारामागच्या मेन स्विचकडं अजून माझ्याच्यानं वर बघवत नाही.